वॉशिंग मशीन ठरवण्याआधी: पाणी जाणार कुठे?

फ्रंटलोड (पुढून कपडे टाकायचं) की टॉपलोड (वरून टाकायचं) हा प्रश्न लोक दुकानात उभं राहून सोडवतात आणि तिथेच घोळ होतो. तो सुटतो घरी, मशीन जिथे ठेवायचं त्या कोपऱ्यात, हातात मोजपट्टी घेऊन. म्हणून दुकानाचं नाव काढण्याआधी एक कागद घ्या आणि त्या कोपऱ्याची सगळी माहिती लिहून काढा. क्षमता, रंग, वायफाय नंतर. वायफाय तर नाही बघितलं तरी चालेल.

कागदावर सगळ्यात वर लिहा: घाण पाणी कुठे जाणार आणि त्या पाइपचं तोंड जमिनीपासून किती उंच आहे. नळ सगळे बघतात, प्लग सगळे बघतात, निचऱ्याची उंची कोणी बघत नाही. मीही बघितली नव्हती. नवंकोरं फ्रंटलोड पाणी भरतच राहिलं, कारण आत आलेलं पाणी त्याच वेगाने जमिनीतल्या जाळीतून निघून जात होतं. मशीन चांगलं होतं. नळी तेवढी जमिनीवर लोळत होती.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी काही सांगितलं तरी फसणार नाही. फ्रंटलोडमध्ये पाणी बाहेर टाकायला पंप असतो. पण नळीचं तोंड टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहिलं तर पंप बंद असतानाही सायफनने, म्हणजे नळीतून खाली जाणाऱ्या पाण्याच्या वजनानेच, पाणी ओढलं जातं. मशीन पातळी तपासतं, कमी दिसते, पुन्हा नळाची झडप उघडतं. हे चक्र चालूच राहतं आणि धुणं सुरूच होत नाही. म्हणून बहुतेक माहितीपुस्तिकांत नळी साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंचीवर अडकवा असं लिहिलेलं असतं. त्याहून खाली गेलात तर सायफन, फार वर गेलात तर पंपाची दमछाक. शिवाय तोंड पाण्यात बुडालेलं नको आणि पाइपात हवाबंद कोंबलेलंही नको. नळी लांब करायला जोड लावणार असाल तर किती लांबी चालते तेही पुस्तिकेत बघा, कारण ते ओझंही पंपावरच येतं.

टॉपलोडचं नेमकं उलटं. कित्येक टॉपलोडमध्ये पंपच नसतो. तळाची झडप उघडते आणि पाणी आपल्या वजनाने वाहून जातं. अशा मशीनची नळी जमिनीलगत, उताराने जायला हवी. मध्ये उंबरा आला की पाणी टबातच अडून बसतं. हे पाणी सिंकमध्ये सोडता येत नाही, भिंतीतल्या उंच तोंडात तर मुळीच नाही. म्हणजे तुमच्याकडे जमिनीत जाळी आहे की भिंतीत तोंड, एवढ्यावर अर्धा निर्णय होऊन जातो. फक्त जाळी असेल आणि फ्रंटलोडच हवं असेल, तर नळी वरून सोडता येईल असा वर उघडा उभा पाइप प्लंबरकडून आधी बसवून घ्या. आधी म्हणजे मशीन यायच्या आधी. भिंतीत तोंड असेल आणि टॉपलोड हवं असेल, तर ‘यात ड्रेन पंप आहे का’ एवढंच विचारा. ‘सगळं होतं हो’ हे उत्तर धरू नका. पुस्तिकेतलं ते पान दाखवायला सांगा.

आणि निचरा बघताय तसं एक बादली भरा आणि मिनिटभरात त्या जाळीत ओता. पंप मिनिटाला पंधरा-वीस लिटर पाणी सहज फेकतो, तेही फेसासकट. बादलीलाच जाळी तुंबली तर मशीनला तुंबणारच.

आता येणारं पाणी. इथे आकडा माहीत हवा: १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. मशीनला लागणारा किमान दाब कुठल्या पुस्तिकेत ०.३ बार दिलेला असतो, कुठल्या पुस्तिकेत १ बार. ०.३ बार म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा तीनेक मीटर तरी वर हवं. टाकी डोक्यावरच आहे म्हणून दाब चांगला असणार, हा समज उलटा आहे. गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यालाच दाब सगळ्यात कमी मिळतो. दाब अपुरा असला की मशीनमधली पाण्याची झडप नीट उघडत नाही, कधी पूर्ण मिटत नाही, आणि स्क्रीनवर कसलातरी कोड लुकलुकत राहतो. दाब वाढवणारा पंप बसवता येतो, पण तो खर्च मशीनच्या किमतीतच धरा. टॉपलोडही दाब मागतं, फक्त तिथे झाकण उघडून बादलीने पाणी ओतायची पळवाट आहे. नळाला ठरावीक वेळच पाणी येत असेल तर माझं मत सरळ टॉपलोडला. फ्रंटलोडचा कॉटनचा धुवा दोन तासांच्या पुढे जाऊ शकतो आणि पाणी त्याला मध्ये मध्ये लागतं. शेवटच्या खळबळण्याला नळ कोरडा पडला तर साबणाचे कपडे आत आणि दार बंद.

जागेची मापं. फ्रंटलोड बहुधा ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच असतं, खोली मॉडेलप्रमाणे बदलते. मागे नळ्यांसाठी जागा सोडा. पुढे दार पूर्ण उघडेल आणि तुम्ही वाकून उभे राहाल एवढी जागा हवी. दाराची बिजागरी बहुतेक मशीनमध्ये बदलता येत नाही, तेव्हा ते भिंतीकडे उघडतंय का ते बघा. टॉपलोडला पुढे जागा कमी पुरते, पण वर लागते. झाकण उभं राहिल्यावर एकूण उंची १३०-१४० सेंटिमीटरपर्यंत जाते, आणि नेमकं त्याच उंचीवर लोकांचं फडताळ असतं. नळ आडवा बाहेर आलेला असेल तर झाकण त्यालाही आपटतं. बाथरूमच्या दाराची रुंदी मोजायची हे सांगायला नको. बरं, सांगतो: चौकटीच्या आतून मोजा, दाराच्या फळीची जाडी वजा करून.

विजेचं थोडक्यात. पाणी तापवणाऱ्या मशीनचा हीटर २००० वॅटच्या आसपास असतो, म्हणजे २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर. दिव्याच्या बोर्डावरच्या छोट्या सॉकेटचं हे काम नाही. मोठा सॉकेट, पक्कं अर्थिंग, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. झालं.

एवढं लिहून झालं की मग धुण्याबद्दल बोलू. फ्रंटलोडचा ड्रम आडवा असतो. कपडे वर उचलले जातात आणि खालच्या थोड्याशा पाण्यात पडतात, त्यामुळे पाणी कमी लागतं. टॉपलोडला कपडे बुडवायला टब भरावा लागतो, तेव्हा पाणी दुप्पट किंवा त्याहूनही जास्त जातं. फ्रंटलोड पिळतं मिनिटाला १००० ते १४०० फेऱ्यांनी, टॉपलोड साधारण ७०० च्या आसपास, म्हणून फ्रंटलोडचे कपडे लवकर वाळतात. वाळत घालायला जागा कमी असेल तर हा मुद्दा डागांपेक्षा मोठा आहे. डाग दोन्हीत जातात, गरम पाण्याने अधिक जातात. बऱ्याच टॉपलोडमध्ये हीटर नसतो, हवा असेल तर तो आहे का बघून घ्या.

क्षमतेचा किलो हा सुक्या सुती कपड्यांचा असतो. आठ किलोच्या मशीनला सिंथेटिकच्या प्रोग्रॅमवर निम्मंच चालतं, काही प्रोग्रॅमना त्याहूनही कमी. जाड पांघरूण धुणार असाल तर किलो बघू नका, ड्रमचं तोंड बघा.

सवयी प्रामाणिकपणे लिहा. एखादा मोजा नेहमी मागाहून सापडतो का? टॉपलोडचं झाकण उघडून टाकता येतो. फ्रंटलोडचं कुलूप पाणी खाली गेल्याशिवाय आणि थंड झाल्याशिवाय सुटत नाही. काही मॉडेलमध्ये सुरुवातीला कपडे टाकायची सोय असते, सगळ्यांत नाही. कपडे धुणाऱ्या माणसाचे गुडघे दुखतात की कंबर, हे त्याला विचारा, स्वतःच ठरवू नका. उंची कमी असलेल्याचा हात खोल टॉपलोडच्या तळाशी पोचत नाही, तेव्हा दुकानात त्यालाच वाकून बघायला लावा. साबण मूठभर टाकायची सवय असेल तर फ्रंटलोडमध्ये ती मोडावी लागेल. त्याला कमी फेसाची पावडर लागते. फेस झाला की कपड्यांचं आपटणंच थांबतं, मग धुणार काय?

आणि दार. फ्रंटलोडच्या दाराच्या रबरात पाणी साचतं, काळी बुरशी धरते, कुबट वास येतो. धुणं झाल्यावर रबर पुसायचं आणि दार किलकिलं ठेवायचं. घरात रांगणारं मूल किंवा आत शिरणारं मांजर असेल तर उघडं दार हाच धोका. मग टॉपलोड बरं, किंवा दार बंद करण्याआधी रोज आत बघायची शिस्त. पंपाची जाळी खाली पुढच्या बाजूला असते. तिथे बसून ती काढता येईल एवढी जागा सोडली आहे का, तेही एकदा बघा.

पाणी जड असेल तर हीटरवर क्षार चढतात. पुस्तिकेत सांगितलेलं औषध वापरा, ऐकीव उपाय नकोत.

आता मशीन घरी येण्याचा दिवस. खोकं उघडायच्या आधी निचऱ्याची उंची पुन्हा एकदा मोजा. हो, पुन्हा. उभा पाइप ‘उद्या लावू’ असं प्लंबर म्हणाला असेल तर मशीनही उद्या आणा. बसवणारा घाईत असतो. तो नळी जाळीत टाकेल, पाच मिनिटं ड्रम फिरवून दाखवेल आणि सही घेईल. सही द्यायच्या आधी एक छोटा प्रोग्रॅम रिकामा लावा आणि पहिलं पाणी भरणं थांबेपर्यंत, मग ते पूर्ण बाहेर जाईपर्यंत तिथेच उभे राहा. भरणं थांबत नसेल तर बोर्ड, सेन्सर यांच्या गप्पा नकोत. आधी नळी वर उचला.

पाय समतल करा, चारही टेकले पाहिजेत. बेंडिक्स या अमेरिकन कंपनीने १९३७ मध्ये आणलेलं स्वयंचलित फ्रंटलोड जमिनीला बोल्टने आवळावं लागे. आता आतल्या स्प्रिंग, डँपर आणि वजनं हादरे आवरतात, पण डगमगणाऱ्या पायांचं काही करू शकत नाहीत. मशीनला चाकांचं स्टँड लावायचं असेल तर पुस्तिका काय म्हणते ते आधी वाचा.

फ्रंटलोडच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट (वाटेत ड्रम हलू नये म्हणून लावलेले), तीन किंवा चार, मशीन पहिल्यांदा चालवण्याआधी काढलेच पाहिजेत. राहिले तर मशीन घरभर नाचेल. काढलेले बोल्ट फेकू नका, घर बदलताना लागतात. पुस्तिकेच्या पिशवीत टाका आणि पिशवीवर नाव लिहा.