फुलकोबीला बोरॉन कसे द्यावे

काढणीच्या वेळी फुलकोबीचा गड्डा उभा चिरून पाहावा. दांडा आतून पोकळ असेल, पोकळीच्या कडा पाणचट व तपकिरी झाल्या असतील आणि तोच डाग वर फुलापर्यंत चढलेला दिसत असेल, तर पिकाला बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडले असे समजावे. पोकळी नुसतीच पांढरी व स्वच्छ असेल, तर मात्र बहुधा नत्र जास्त झालेले असते. अशा वेळी बोरॉन देऊन उपयोग नाही.

बोरॉन पेशीभित्तिकेला बांधून ठेवते. फुलकोबीत ते जुन्या पानांतून कोवळ्या भागाकडे सहसा जात नाही, म्हणून कमतरता आधी शेंड्यात आणि गड्ड्यात दिसते. चुनखडीच्या जमिनीत आणि पाण्याचा ताण पडल्यावर ती अधिक जाणवते.

लागवडीपूर्वी शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणांहून सहा इंच खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो प्रयोगशाळेत देताना बोरॉनची तपासणी आवर्जून मागावी. (प्रयोगशाळेतील नेहमीच्या उष्णतारोधक काचेतच बोरॉन असते, त्यामुळे या चाचणीला बोरॉनविरहित भांडी वापरावी लागतात.) उपलब्ध बोरॉन किलोमागे 0.5 मिलिग्रॅमपेक्षा कमी आले, तरच पुढचे काम करावे.

जमिनीतून द्यायचे असल्यास एकरी 4 किलो टाकणखार (बोरॅक्स) पुरतो. त्यात बोरॉन सुमारे 11 टक्के असते. एवढा थोडा खार एकरभर सारखा पडत नाही, म्हणून तो चाळलेल्या शेणखतात नीट कालवून शेवटच्या पाळीआधी फेकावा. उभ्या पिकात 20 टक्के बोरॉनचे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 15 ग्रॅम, या प्रमाणात आधी तांब्याभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मग पंपात ओतावे. गड्डा धरण्याआधी 10 ते 15 दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या ऊन उतरल्यावर कराव्यात. त्याच द्रावणात कॅल्शियमयुक्त खत मिसळू नये, कारण साका बसतो.

मोजमाप चमच्याने किंवा मुठीने कधीही करू नये. कमतरता आणि विषबाधा यांच्यातील अंतर या मूलद्रव्याच्या बाबतीत फारच थोडे आहे, आणि छोट्या वजनकाट्यावर केलेला खर्च मला खतापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपू लागल्या, तर बोरॉन ताबडतोब थांबवावे आणि निचरा चांगला असल्यास भरपूर पाणी द्यावे. त्याच रानात पुढे घेवडा घ्यायचा असेल, तर माती पुन्हा तपासावी. घेवड्याला जादा बोरॉन सोसत नाही.