फ्रान्समध्ये लहान मुलाला घेऊन जेवायला जाताय? या चुका टाळा

अविन्योंमध्ये दुपारी पावणेतीनला आम्ही एका रेस्टॉरंटच्या दारात उभे होतो. सोबत चार वर्षांची लेक आणि सासूबाई. आत टेबलं मांडलेली होती, चार-पाच माणसं कॉफी घेत बसली होती, आणि वेटर शांतपणे सांगत होता की स्वयंपाकघर बंद झालं. पुढच्या दोन ठिकाणी तेच उत्तर मिळालं. तोवर लेकीचा धीर सुटला होता. शेवटी एका बेकरीतून घेतलेला पाव आणि केळं तिने रस्त्यातल्या बाकावर बसून खाल्लं. त्यानंतरच्या दहा दिवसांत आम्ही जेवायच्या वेळा आणि मागवायची पद्धत दोन्ही बदलली. तेव्हा जे शिकलो ते इथे लिहिते आहे.

आपल्या घड्याळाने जेवायला निघणं

बाकीच्या चुका सावरता येतात, ही सावरत नाही. फ्रान्समध्ये दुपारचं जेवण साधारण 12 ते 2 या वेळात मिळतं. रात्रीचं सातनंतर, बऱ्याच ठिकाणी साडेसातलाच सुरू होतं. मधल्या वेळात कॉफी मिळेल, थंड पेय मिळेल, पण चूल बंद असते. शिवाय रविवारी रात्री आणि सोमवारी कित्येक रेस्टॉरंटं बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये घरच्या माणसांनी चालवलेली छोटी ठिकाणं दोन-तीन आठवडे कुलूप लावून सुट्टीवर जातात. आपल्याकडे पर्यटनाच्या गावी दुपारी तीनलाही थाळी मिळते, म्हणून हे आधी लक्षातच येत नाही.

उपाय सोपा आहे. दुपारी बाराच्या ठोक्याला जाऊन बसा. जागा रिकामी असते, वेटरला तुमच्याशी बोलायला सवड असते आणि ताट लवकर येतं. साडेबारानंतर गर्दी वाढली की लहान मुलाचं ताटही त्या रांगेत अडकतं.

रात्रीचा प्रश्न अवघड वाटतो, कारण आपली मुलं साडेसहा-सातलाच भुकेने कासावीस होतात. तिथल्या मुलांचं काय, हे पाहिल्यावर आम्हाला वाट सापडली. शाळा सुटली की साडेचारच्या सुमाराला प्रत्येक फ्रेंच मूल काहीतरी खातं. त्याला ‘गुते’ म्हणतात आणि ते चुकवत नाहीत. पावात चॉकलेटची कांडी, फळ, दही, नाहीतर सुपरमार्केटात पिळून खायच्या पिशव्यांत मिळणारा सफरचंदाचा गर. आम्ही लेकीला रोज साडेचारला असं पोटभर खाऊ घालू लागलो, आणि सात वाजता ती टेबलाशी शांत बसू लागली.

कधी वेळ चुकलीच, तर दारावर ‘सेर्व्हिस काँतिन्यू’ लिहिलेलं शोधा. म्हणजे स्वयंपाकघर दिवसभर चालू आहे. मोठ्या स्टेशनांजवळच्या ब्रासरींमध्ये, म्हणजे साध्या पद्धतीच्या मोठ्या रेस्टॉरंटांत, आणि बऱ्याच क्रेपच्या, म्हणजे पातळ धिरड्यांच्या, दुकानांत ही सोय असते.

मुलांचा मेन्यू न वाचता मागवणं

‘मेन्यू आँफाँ’ म्हणजे मुलांसाठीचं ठरलेलं जेवण. बऱ्याच ठिकाणी ते 8 ते 12 युरोंत मिळतं आणि त्यात एक पदार्थ, सरबत आणि आइस्क्रीम येतं. स्वस्त आहे, म्हणून आपण पटकन बोट ठेवतो. पण त्यातला सगळ्यात नेहमीचा पदार्थ ‘स्तेक आशे’ असतो, म्हणजे गाईच्या मांसाच्या खिम्याची टिक्की. दुसरा ‘जाँबों’, म्हणजे डुकराचं मांस. चित्रात स्तेक आशे साध्या कटलेटसारखं दिसतं. जी कुटुंबं मांसाहार करतात पण हे खात नाहीत, त्यांची गडबड इथेच होते. चिकन हवं असेल तर ‘पुले’ हा शब्द शोधा.

पूर्ण शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मांस नाही म्हटलं की कधी मासा पुढे येतो. ‘साँ व्यांद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही सांगावं लागतं. मी फ्रेंचमध्ये हे एका कार्डावर लिहून घेतलं होतं आणि ऑर्डर देण्याआधी वेटरच्या हातात देत होते. सासूबाईंना कांद्याचं सूप हवं होतं. कार्ड दाखवल्यावर कळलं की ते गोमांसाच्या रश्शात शिजवतात. तिथे पारंपरिक पद्धत तीच आहे.

मांस लपलेलं असतं अशा आणखी जागा सांगते. किश लोरेन या अंडं-सायीच्या खाऱ्या पायमध्ये आणि कित्येक सॅलडांमध्ये ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. क्रोक मस्यू हे दिसायला साधं चीज सँडविच, पण आत जाँबों असतंच. आल्सास भागातली पिझ्झासारखी पातळ ताह्त फ्लांबेसुद्धा लार्दों घालूनच भाजतात. उत्तरेकडे लीलच्या बाजूला बटाट्याचे फ्राइज परंपरेने गाईच्या चरबीत तळतात, त्यामुळे तिकडे ‘फ्राइज तर चालतील’ असं गृहीत धरू नका. मूस आणि रंगीत जेलीच्या गोळ्यांत बऱ्याचदा जिलेटिन असतं. आणि पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये दूध घट्ट करायला प्राण्यापासून काढलेलं रेनेट वापरतात. तुमच्या घरी हे चालतं का, ते निघण्यापूर्वीच ठरवून टाका.

मग मुलाने खायचं काय? ब्रिटनी प्रांतातली गालेत आमच्या सगळ्यांच्या पसंतीला उतरली. कुट्टूच्या पिठाचं पातळ, कडेने कुरकुरीत धिरडं, वर अंडं आणि चीज. नेहमीच्या ‘कोंप्लेत’मध्ये जाँबों असतं, म्हणून ‘साँ जाँबों’ सांगायचं. मागोमाग लोणी-साखरेचं गोड क्रेप. ऑम्लेट जवळपास कुठेही मिळतं. ग्रातँ दोफिन्वा म्हणजे साय आणि लसूण घालून भाजलेल्या बटाट्याच्या चकत्या, तो मुलांना आवडतोच. पण नीसमध्ये लेकीने सगळ्यात मन लावून खाल्ला तो सोक्का. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, हा तर आपला बेसनाचा पोळा!” जुन्या गावातल्या कूर सालेयाच्या बाजारात तो गरमागरम, मिरपूड भुरभुरून कागदात देतात. तिथे खुर्चीत शांत बसायची अटच नसते, हेही मुलासाठी सोयीचं.

तीन वर्षांच्या मुलाला कोणतंही चीज चाखवणं

फ्रान्समध्ये न तापवलेल्या दुधाची चीज भरपूर असतात आणि त्यांच्यावर ‘ले क्र्यू’ लिहिलेलं असतं. पाच वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत, असा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा स्पष्ट सल्ला आहे. दूषित दुधातल्या जंतूंमुळे लहान मुलांच्या मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते. कोंते, एमाँताल, बोफोर यांसारखी कडक, शिजवून दाबलेली चीज मात्र त्या सल्ल्यातून वगळलेली आहेत. म्हणून चीजचं ताट पुढे आलं की मऊ आणि वासाची मोठ्यांनी खावीत, मुलाच्या हातात कोंतेचा तुकडा द्यावा.

मुलाला शेंगदाणे, अंडी, तीळ अशा कशाची ॲलर्जी असेल तर संकोच न करता लेखी माहिती मागा. ॲलर्जीच्या 14 घटकांपैकी कोणता कुठल्या पदार्थात आहे, हे रेस्टॉरंटने लिहून ठेवणं 2015 पासून बंधनकारक आहे. त्रास झालाच तर 15 किंवा 112 ला फोन करा.

बाहेरच्या टेबलाचा हट्ट

फुटपाथवरचं टेबल फोटोत सुंदर दिसतं. पण बंदिस्त जागेत धूम्रपानावर 2008 पासून बंदी असल्यामुळे सिगारेट ओढणारे सगळे बाहेरच बसतात, आणि शेजारचं टेबल हातभर अंतरावर असतं. मूल सोबत असेल तर आत बसा. बाबागाडी घडी होणारी असू द्या, जागा अरुंद असतात. उंच खुर्चीला ‘शेझ ओत’ म्हणतात. ती एखाद-दुसरीच असते, तेव्हा टेबल राखून ठेवतानाच सांगा.

न बोलता आत शिरणं आणि लांबून हाक मारणं

आत पाऊल टाकताच ‘बोंजूर’ म्हणायचं, संध्याकाळी ‘बोंस्वार’. लेकीलाही शिकवलं होतं. तिने म्हटलं की वेटरचा चेहरा खुलायचा आणि पुढे सगळं सोपं व्हायचं. तिथल्या शाळेच्या खानावळीतही मुलं सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, चीज किंवा दही आणि गोड अशा क्रमाने बसून जेवतात, म्हणून मुलाने टेबलाशी बसावं ही अपेक्षा असते. टेबलांमधून पळणं कुणालाच खपत नाही. रंगीत खडू आणि छोटी वही न्या. दोन पदार्थांच्या मध्ये एकाने मुलाला बाहेर चक्कर मारून आणा.

मुलाचं ताट आधी हवं असेल तर ते ऑर्डर देतानाच सांगा, नंतर नाही. नाहीतर ते मोठ्यांच्या मुख्य पदार्थाबरोबर येतं आणि तोवर मुलाचं पोट टोपलीतल्या पावानेच भरलेलं असतं. गोड पदार्थ येताच बिलही मागून घ्या. ‘लादिस्यों, सिल व्हू प्ले’ म्हटल्याशिवाय ते येत नाही, कारण न मागता बिल ठेवणं तिथे असभ्य समजतात. पेंगुळलेल्या मुलाबरोबर ती शेवटची वीस मिनिटं फार जड जातात.

पाण्यासाठी ‘काराफ दो’ मागा, म्हणजे नळाचं, पिण्यायोग्य, फुकट पाणी. नुसतं पाणी म्हटलं तर विकतची बाटली येऊ शकते. पाव जेवणाबरोबर मोफत असतो आणि सेवेचे पैसे किमतीत धरलेलेच असतात.

घरून नेलेल्या दशम्या किंवा खाकरे रेस्टॉरंटच्या टेबलावर काढू नका. ते बागेत खा, पॅरिसमधल्या लक्झेंबूरच्या बागेत आम्ही दोनदा तसंच जेवलो. तूप आणि पनीर मात्र सामानात ठेवूच नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. बाळाच्या दुधाच्या पावडरीला दोन किलोपर्यंत सूट आहे, पण डबा सीलबंद हवा.

आणि ताटात उरलं तर टाकू नका. जुलै 2021 पासून मागितल्यास उरलेलं बांधून देणं रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे. आमच्या लेकीचं अर्धं गालेत कित्येकदा असं हॉटेलवर आलं, आणि सकाळी सहाला जाग आल्यावर, बेकरी उघडण्याआधी, तिने ते थंडच खाल्लं.