पर्मनंट फिलर हातात घेण्याआधी

चेहऱ्यावरच्या रेषा सुईने भरायच्या जेलवर, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडच्या फिलरवर, तुमचा हात बसलाय, निपाणी नाहीतर टिळकवाडीत स्वतःचं क्लिनिक टाकलंय, आणि कुणीतरी कानात सांगतंय की आता पर्मनंट, म्हणजे शरीरात कायम राहणारा फिलर, सुरू कर, पेशंटला सारखं बोलवायची कटकट नको. तर आधी माझी फजिती ऐका.

शिकत असतानाची गोष्ट. खानापूरच्या एक मावशी, लेकीचं लग्न तोंडावर. नाकाशेजारच्या रेषा भरायच्या होत्या. मी रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रेनालिन मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं इंजेक्शन, देऊन फिलर भरायला घेतला. नाकपुडीपासून वरच्या ओठापर्यंत कातडी पांढरीफटक पडली. शेजारी उभे असलेले सर म्हणाले, "ॲड्रेनालिन आहे, चालू दे." मीही मान डोलावली, कारण मलाही तेच ऐकायचं होतं. विचारलं, "मावशी, दुखतंय का?" "नाही ओ डॉक्टर, कायबी कळंना झालंय."

कळणार कसं? भूल मीच दिली होती. इथेच माझा पाय अडकला. फिलर शिरून धमनी बुजली की दोन खुणा मिळतात, पांढरेपणा आणि वेदना. ॲड्रेनालिन पहिलीला निमित्त पुरवतं, भूल दुसरी गिळून टाकते. फरक असा: ॲड्रेनालिनचा पांढरेपणा भूल दिली त्या जागेभोवती असतो. धमनीचा मात्र तिच्या वाटेने जातो, सुईपासून लांब, नाकपुडीवर, नाकाच्या शेंड्यावर. मग जाळीदार निळसर छटा येते. बोटाने दाबून सोडा, रंग किती वेळात परततो ते मोजा. शंका असेल तर धमनीच समजा आणि तिथेच थांबा. मी आता साधी भुलीची क्रीमच लावते. थोडं दुखू दे, दुखणं आपल्या कामाचं आहे.

मावशींचं निभावलं, कारण तो फिलर हायल्युरॉनिक होता. तो विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, भरपूर दिलं, दर तासाला रंग बघून पुन्हा दिलं, संध्याकाळी नाकपुडी गुलाबी झाली. पीएमएमए, म्हणजे प्लास्टिकच्या बारीक मण्यांचा पर्मनंट फिलर, असता तर? त्यातले 30 ते 50 मायक्रॉनचे मणी शरीर पचवत नाही, आणि ते विरघळवणारं औषध नाही. गाठी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उठतात. मग स्टेरॉइड टोचा, नाहीतर कापून काढा.

सुई मागे ओढली, रक्त आलं नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. जेलने भरलेल्या बारीक सुईतून रक्त मागे येईलच असं नाही. 25 गेजची किंवा त्याहून जाड कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची पोकळ नळी, घ्या. बारीक कॅन्युला सुईसारखीच घुसते. थोडं थोडं, सावकाश, टोक हलतं ठेवून. कातडीच्या वरच्या थरात मणी राहिले तर कायमचे उंचवटे. ओठांत पर्मनंट नकोच. भुवयांच्या मध्ये आणि नाकावरही नको, तिथून डोळ्याच्या धमनीपर्यंत वाट आहे.

दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही. बोलले तर थांबणार नाही. पातळ सिलिकॉनला मात्र हातही लावू नका. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएने चेहरा भरायला ते मंजूर केलेलं नाही.

आणखी एक, आपल्या भागात हे फार महत्त्वाचं. एफडीएने 2006 मध्ये मंजूर केलेल्या पीएमएमएत गाईचं कोलॅजन असतं. चिकोडी-निपाणीकडच्या जैन किंवा लिंगायत घरातल्या बाईला हे सुई टोचल्यावर कळलं तर? संमतीपत्र मराठीत आणि कन्नडात ठेवा, वाचून दाखवा. कोलॅजनची टेस्ट हातावर करून चार आठवडे थांबायचं असतं. "लग्न पंधरा दिवसांवर आलंय" म्हणणाऱ्यांना सरळ नाही म्हणा. पेशंट तुटत नाहीत, माझे तरी तुटले नाहीत.

घाबरवून सोडायचं नाहीये. हात थरथरणं वाईट नाही, माझा अजून थरथरतो. पण डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. नजर गेली तर हातात तास-दीड तास, आणि खानापुरातून बेळगाव गाठण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

मावशी अजून येतात, कधी कुंदा घेऊन. मी आधी त्यांची नाकपुडी बघते.