आधी जकात, मग राजा: काल्पनिक राज्यं रचताना या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत, एकेक पात्र घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. नवीन माणूस असा गेम चालवायला बसला की आधी नकाशा दाखवतो. त्यावर बारा-चौदा राज्यं, प्रत्येकाचा रंग वेगळा, झेंडा वेगळा. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर चाळीस पानांची पीडीएफ येते: ‘दोन हजार वर्षांचा इतिहास, वाचून या.’ आमच्या टोळक्यात कुणीही वाचून येत नाही. दिवसभर दुकान, क्लास नाहीतर एमआयडीसीतली शिफ्ट करून आलेला माणूस फासे टाकायला येतो, पेपर द्यायला नाही. सोलापुरात मी बरीच वर्षं डीएम म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा म्हणूनही बसलोय आणि खेळाडू म्हणूनही. तेच ते घोटाळे बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सीमा आहे, नाका नाही

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे. राज्याला राजा असतो, सेनापती असतो, तीन लढाया हरलेले आजोबा असतात. पैसा गोळा कोण करतं, ते मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

होटगी रोडला एका मित्राच्या फ्लॅटवर इंजिनिअरिंगचा एक पोरगा गेम चालवत होता. मी खेळाडू, माझं पात्र म्हणजे बैलगाडी हाकणारा एक ठग. पोरगा हुशार, आवाज खणखणीत, तयारी तर विचारू नका. आम्हाला उत्तरेच्या काळ्या बुरुजापर्यंत न्यायचं त्याच्या मनात होतं. वाटेत नदी, नदीवर पूल, पुलावर शिपाई. शिपाई म्हणाला, “माणशी दोन मोहरा.”

आमच्यातला एक जण कापडाच्या धंद्यातला. त्याने सहज विचारलं, “पावती मिळणार का?”

पोरगा हसला. कापडवाल्याचं चालूच. “पलीकडच्या काठावर पुन्हा द्यावे लागतात का? आमच्याकडे दक्षिणेची नाणी आहेत, ती घेता का? वटाव किती? आणि हे पैसे सरकारात जमा होतात का तुमच्या खिशात?”

पोराने लॅपटॉप उघडला, पीडीएफ धुंडाळली. त्यात राणीच्या पणजीच्या राज्याभिषेकाचं दोन पानी वर्णन होतं, पुलाबद्दल एक ओळ नव्हती. शेवटी वैतागून म्हणाला, “बरं, शिपाई तुम्हाला तसंच सोडतो.”

झालं. कापडवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी माझ्या बैलगाडीकडे. त्यानंतर आम्ही त्या पुलावरून मीठ आणि कापड न्यायला लागलो. अलीकडे घ्यायचं, पलीकडे विकायचं, मधे जकात शून्य. पुढच्या शनिवारी गोदाम भाड्याने घेतलं, त्याच्या पुढच्या शनिवारी मुनीम ठेवला. पोरगा रडकुंडीला आला, “अरे, पण तो काळा बुरूज…” त्यावर कापडवाल्याचं उत्तर, “काय बुरूज घेऊन बसलास बे, हिशोब करालोय न्हवं.” त्या बुरुजापर्यंत कुणीही पोचलं नाही, आणि तो खेळ तिथेच संपला.

खेळाडूंनी मुद्दाम खोडा घातला, असं तो पोरगा अजून म्हणतो. मला ते पटत नाही. त्या जगात पहिल्यांदा काहीतरी खरं त्यांच्या हाती लागलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही, एवढंच.

माझी स्वतःची सवय अशी, की राजाच्या आधी वसुली करणारा माणूस लिहायचा. त्यासाठी परदेशी ड्यूक आणि बॅरन चाळत बसू नका, घरचा साचा तयार आहे. जुन्या दख्खनमध्ये गावाला पाटील-कुलकर्णी, परगण्याला देशमुख-देशपांडे, आणि ही वतनं पिढ्यानपिढ्या त्याच घरांत. वर बहमनी असो, आदिलशाही असो की मुघल, गावात वसुलीला जाणारं घराणं बहुतेक वेळा तेच. राजाला देशमुखावाचून पैसा मिळत नाही, देशमुखाला सनदेवाचून हक्क मिळत नाही, आणि विश्वास दोघांचाही एकमेकांवर नाही. वर मराठ्यांची चौथाई घाला: राज्य दुसऱ्याचं, महसुलाचा चौथा हिस्सा आपला, शिवाय सरदेशमुखीचे दहा टक्के. दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या या हक्कांच्या सनदा १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी थेट दिल्लीहून आणल्या. म्हणजे एकाच गावाच्या वेशीवर कायद्याने बरोबर असलेले दोन वसुलीवाले. असं एक गाव खेळाडूंसमोर ठेवा आणि गप्प बसा.

अख्ख्या देशाचा एकच स्वभाव

‘उत्तरेचे लोक शूर. जंगलातले शांत. वाळवंटातले दगाबाज.’ असं लिहिणाऱ्या माणसाला मी एक दिवस सोलापूरच्या कन्ना चौकात उभा करणार आहे. घरात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, अक्कलकोटकडून आलेले कन्नड बोलणारे, उर्दूवाले, मराठीवाले, आणि बाजारात सगळ्यांची सगळ्यांशी भेसळ. एका शहराला एक स्वभाव लावता येत नाही आणि हे लोक अख्ख्या खंडाला लावतात.

यावर लगेच दुसरं टोक गाठणारेही आहेत: ‘मग सगळे गट एकमेकांचे वैरी करू.’ तेही आळसाचंच. मे १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांचा अंमल काही दिवस उरला नव्हता, मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात जे चौघे फासावर गेले त्यांची नावं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. तुमच्या राज्यात बंड झालं तर बंडखोरांची यादी अशी निघते का बघा. सगळे एकाच आळीतले निघत असतील तर ते बंड नसून भाऊबंदकी आहे. तीही चालेल, पण मग तिला क्रांती म्हणू नका.

भाषेचंही तसंच. डी अँड डीमध्ये ‘कॉमन’ नावाची एक भाषा सगळ्यांना येते. सोय म्हणून ठीक आहे. माझ्या टेबलावर कॉमन म्हणजे बाजारभाषा: भाव करता येतो, रस्ता विचारता येतो, शिवी देता येते, तह करता येत नाही. मग दरबारात दुभाषा लागतो, आणि तो कुणाचा पगार खातो हा प्रश्न खेळाडू आपणहून विचारायला लागतात.

युद्ध चाललंय, पण कशावरून?

‘काळोखाचा सम्राट सारं जग जिंकायला निघाला आहे.’ बरं. जिंकून काय करणार? इतक्या मोठ्या सैन्याला ज्वारी कोण घालतंय? उत्तर नसतं. या एका गोष्टीवर मी कितीही वेळ बोलू शकतो, कारण बरोबर नमुना आपल्या नाकासमोर, सिद्धेश्वर तलावाला लागून उभा आहे. भुईकोट किल्ल्यात लोक संध्याकाळी फिरायला जातात, पण दोन शाह्या त्यासाठी किती वर्षं भांडल्या ते फारसं कुणाला माहीत नसतं.

१५२४ मध्ये अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरचा इस्माईल आदिलशहा इथे सोलापुरातच भेटले. इस्माईलच्या बहिणीचं बुऱ्हाणशी लग्न झालं, आणि हुंड्यात हा किल्ला द्यायचं ठरलं. लग्न लागलं, किल्ला काही मिळाला नाही. लगेच लढाई. पुढे हा किल्ला आणि भोवतालचा मुलूख यांवरून दोन्ही घराणी वर्षानुवर्षं झुंजत राहिली. त्यात विजयनगरचा रामराय आज याच्या बाजूने, उद्या त्याच्या. शेवटी रामराय दोघांनाही जड झाला, तेव्हा पुन्हा सोयरीक: निजामशाहीची चांदबिबी अली आदिलशहाला दिली, आणि हुंड्यात परत हाच सोलापूरचा किल्ला. जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतागडीला दख्खनच्या शाह्या एकत्र लढल्या आणि रामराय मारला गेला.

या कथेत काळोखाचा सम्राट कुठेच नाही. एक किल्ला, दोन लग्नं, आणि दोघांनाही खेळवणारा तिसरा. शिवाय पात्र बघा: हुंड्याबरोबर विजापूरला गेलेली तीच चांदबिबी १५९५-९६ ला माहेरी, अहमदनगरच्या तटावर, मुघलांशी लढत होती. एवढं मिळाल्यावर ड्रॅगन कशाला हवाय? असला तरी माझी हरकत नाही, पण तो कुणाच्या हद्दीत अंडी घालतो ते सांगा.

नवं युद्ध हवं असलं की मी एक पाठकोरा कागद घेतो. त्यावर दोघांनाही हवी असलेली आणि वाटून घेता न येणारी एक वस्तू लिहितो: किल्ला, घाट, पाणवठा, नदीचा उतार. खाली प्रत्येक बाजूचा एक असा माणूस, ज्याचं तह झाला तर नुकसान आहे. बस्स. कागद भरला तर फाडून टाकतो. वस्तू सुचत नसेल तर उजनीच्या पाण्याच्या बातम्या वाचा, जादू वगळता सगळं त्यात आहे.

राजा मेला आणि खेळ अडकला

हे हमखास होतं. खेळाडू राजाला मारतात, डीएम पांढराफटक पडतो आणि ‘भला मंत्री गादीवर बसतो’ म्हणून मोकळा होतो. वारसाहक्काचा वाद हा राजकारणातला सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ माल आहे, तो असा फुकट घालवू नका. औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि मुघलांनी कैदेतल्या शाहूराजांना सोडून दिलं. इकडे ताराबाई आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवत होत्या. सुटून आलेला खरा वारस की तोतया, इथपासून वादाला सुरुवात. त्याच वर्षी खेडला लढाई, पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या, आणि १७३१ च्या वारणेच्या तहापर्यंत तो गुंता सुटला नाही. शत्रूच्या घरात फूट पाडायला एक कैदी सोडला तरी पुरतो. मी प्रत्येक राज्यात कुठेतरी एक वारस अडकवून ठेवतो. खेळाडूंना तो सापडेपर्यंत त्याचं नावही ठरवत नाही.

बाकीच्या चुका भराभर.

अंतरं. सैन्य रात्रीत तीनशे किलोमीटर जात नाही. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, आणि पालखीला मुक्काम धरून अठरा-वीस दिवस लागतात. माणसं, गाड्या, स्वयंपाक, सगळ्यासकट चालणारा मोठा जमाव कसा सरकतो याचं यापेक्षा चांगलं माप मला मिळालेलं नाही.

राजधानी. ती नकाशावरच्या चांदणीला चिकटलेली नसते. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. दिल्लीच्या बादशहाला भेटायचं तर ब्रह्मपुरीशेजारच्या माचणूरच्या वाटेला लागावं लागायचं.

नद्या खाली वाहताना एकत्र येतात, त्रिभुज प्रदेश सोडला तर सहसा फुटत नाहीत. सातवीचा भूगोल आहे हो.

नावं. ‘झ्ख्रार्थूमॉर’ टेबलावर कुणी दोनदा म्हणत नाही. दुसऱ्या सेशनला त्याचं ‘झकास’ होतं आणि मग तो खलनायक कायमचा संपला.

रेडिमेड राज्यं. आजकाल पोरं ऑनलाइन जनरेटरला नाहीतर चॅटबॉटला सांगून दहा मिनिटांत वीस राज्यं काढतात. नावं आयती घ्या, मी काही म्हणत नाही. भांडणं आयती घेऊ नका. खेळाडूने अनपेक्षित प्रश्न विचारला की आपण जे विचार करून ठेवलेलं असतं तेवढंच तोंडात येतं, आणि दहा मिनिटांत विचार होत नाही. एवढी घाई असेल तर लुडो खेळा.

खरा इतिहास नावं बदलून जसाच्या तसा उचलणं. वर मी इतकी उदाहरणं दिली ती सांगाड्यासाठी. माणसं उचललीत की टेबलावर खेळ होत नाही, वाद होतो. एका ठिकाणी असा खेळ दुसऱ्याच सेशनला मोडलेला मी बघितलाय. फासे बाजूला राहिले आणि दोघे जण कुणाच्या घराण्याने कधी फितुरी केली यावर उभे राहून बोलत होते. हुंड्यातला किल्ला घ्या, चांदबिबी घेऊ नका.

आणि शेवटची तक्रार, जी मला सगळ्यात जास्त ऐकावी लागते: ‘आमच्या खेळाडूंना राजकारणात रसच नाही.’ रस असतो. त्यांना दरबारातली भाषणं नको असतात, आणि ती मलाही नको असतात. राजकारण बाजारभावात आणून दाखवा. सीमेवर नाका बंद झाला की सरायमधली भाकरी महाग झाली पाहिजे, घोड्याचा दाणा मिळेनासा झाला पाहिजे. तरी ढिम्म हलत नसतील तर त्यांना मंगळवेढ्याला पाठवा, म्हणजे त्याच्यासारख्या एखाद्या गावाला. दामाजीपंतांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: दुष्काळ, दारात उपाशी माणसं, आणि हाताखाली बिदरच्या बादशहाचं धान्याचं कोठार. दामाजीपंतांची जागा रिकामी ठेवायची आणि खेळाडूंना कोठाराचे पहारेकरी करायचं. किल्ली त्यांच्याकडे, हुकूम बिदरचा, गर्दी दाराशी. देव पैसे भरायला येणार नाही, हे आधीच सांगून टाकायचं. बिदरला बातमी पोचायला किती दिवस आणि तिथून स्वार यायला किती, एवढे दोन आकडे मात्र कागदावर लिहून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो.