नवी हार्ड डिस्क खरंच नवी आहे का?

ऑनलाइन मागवलेली हार्ड डिस्क नाशिकच्या सिडकोतल्या घरी पोचली की खोका उघडतानाच मोबाइलवर व्हिडिओ काढा, सिरीयल नंबर नीट दिसू द्या. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली, ते बघा. आकडा शून्याच्या आसपासच हवा. पण लबाड विक्रेते तो पुसूनही टाकतात! सीगेटच्या बऱ्याच डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची वापराच्या तासांची वेगळी नोंद असते. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरने ती वाचून दोन्हीकडचे तास ताडून पाहा. मोठी तफावत असेल तर माल वापरलेला समजा. कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीही तपासा. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. विक्रेता दिल्लीचा असला तरी नाशिककराला नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते.