लेखनाचा एक रविवार: वस्तीतली कार्यशाळा कशी भरवावी

लेखन कार्यशाळेचं यश एकाच आकड्यावर ठरतं: आलेल्या माणसाच्या हातात पेन किती मिनिटं चालत होतं? मंच, बॅनर, पाहुणे, शाली हे सगळं चोख होतं आणि संध्याकाळी वही कोरीच घरी जाते, असे दिवस आपल्याकडे फार होतात. म्हणून आखणी करताना आधी लिहिण्याची मिनिटं मांडायची आणि उरलेल्या जागेत बाकीचं बसवायचं. खाली दिलेल्या वेळापत्रकात ती मिनिटं ९५ भरतात. एका दिवसाला ती पुरेशी आहेत, पण त्यातलं एकही भाषणाला देऊ नका.

तारीख आणि जागा

नागपुरात मार्च उलटला की दुपारी लिहायला बसवणं म्हणजे माणसांना छळणं आहे, आणि मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेल्यावर कूलरच्या घरघरीत कुणाचं वाचन ऐकू येत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. त्यातही डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही, म्हणून त्या भागातली जागा तेव्हा घेऊ नका. संक्रांतीच्या आसपासचे दिवस पतंगांचे. मुलं येणार नाहीत, आणि मांजामुळे दुचाकीवरून येणाऱ्यांचाही जीव धोक्यात असतो. जानेवारीचा शेवटचा रविवार सगळ्यात सोयीचा. फक्त त्या दिवशी स्पर्धा परीक्षा नाही ना, हे आधी बघा. शाळा परीक्षाकेंद्र झाली की ठरलेल्या खोल्या ऐनवेळी हातच्या जातात.

जागा म्हणून सभागृह नको, शाळा हवी. एका मोठ्या हॉलमध्ये चार गट बसवले की चौघांचा आवाज एकमेकांत मिसळतो. वस्तीतला बुद्धविहार, समाजभवन किंवा वाचनालयही चालतं, पण दार लागेल अशा चार खोल्या पाहिजेत. त्यातल्या दोन तरी तळमजल्यावर असाव्यात, म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना जिना चढावा लागणार नाही. शाळेतले बाक एकामागे एक असतात आणि तसंच बसलं की कार्यशाळेचा वर्ग होतो. आदल्या दिवशी चार जणांनी जाऊन बाक समोरासमोर लावावेत. जड बाक हलत नसतील तर सरळ सतरंज्या अंथरा. भिंतीला टेकून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लोक उत्तम लिहितात. चौकीदाराचा नंबर, पाण्याची टाकी भरलेली आहे का आणि स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे, या तीन गोष्टी शनिवारीच बघून घ्या. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. त्यामुळे कुठल्याही स्टेशनपासून पायी दहा मिनिटांत येणारी जागा मिळाली तर खापरी, हिंगणा रोड, पारडीकडची माणसंही येऊ शकतात.

कोण कुठे बसणार

गट वयावरून पाडू नका. बारावीतली मुलगी आणि निवृत्त पोस्टमास्तर एकाच पायरीवर असू शकतात आणि एकमेकांच्या लिखाणाला तेच चांगले वाचक ठरतात. नोंदणीच्या अर्जात तीनच प्रश्न ठेवा: शेवटचं स्वतःहून कधी लिहिलं? सुरू करून पूर्ण केलेलं असं काही आहे का? त्यातलं काही दुसऱ्यांदा लिहून काढलं आहे का? ‘आपण नवोदित की प्रस्थापित’ असं विचारलंत तर दहा वर्षं लिहिणारी बाई ‘नवोदित’ लिहील आणि चार चारोळ्या केलेला माणूस ‘प्रस्थापित’.

तिसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारे ‘दुसरा खर्डा’ या गटात. पूर्ण केलेलं आहे पण पुन्हा हात लावलेला नाही, ते ‘चालू वही’त. बाकी सगळे ‘पहिलं पान’मध्ये. या गटाला दोन खोल्या लागतात, कारण तो नेहमी मोठा असतो. खोल्यांना ही नावं दिली की ‘कच्चे-पक्के’ असा शिक्का कुणावर बसत नाही.

माणसं किती घ्यायची, हे वाचनाच्या वेळेवरून ठरवा. प्रत्येकाला लिहिलेलं वाचायला दोन मिनिटं आणि त्यावर ऐकायला दोन मिनिटं. १५ जण असतील तर ६० मिनिटं होतात, २५ घेतले तर १००. दीड तासाच्या सत्रात २५ जण बसवले की लिहिण्याचा वेळ संपतो आणि शेवटच्या दहांना ‘तुमचं नंतर ऐकू’ म्हणावं लागतं. ते दहा जण पुन्हा येत नाहीत. म्हणून पहिल्या तीन खोल्यांत १५-१५ आणि ‘दुसरा खर्डा’मध्ये फक्त ८, एकूण ५३. नोंदणी फुकट ठेवली तर नाव देऊन न येणारे बरेच असतात. शंभर रुपये घ्या आणि दिवस संपताना हातात परत द्या. प्रतीक्षायादीही ठेवा.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो, त्यांनाही बोलवा. त्यांच्याजवळ एक लेखनिक बसवायचा. कॉलेजातली मुलं हे काम छान करतात, पण त्यांना बजावून सांगा की बोललेला शब्द जसाच्या तसा उतरवायचा. ‘मले वाटलं’ला ‘मला वाटलं’ केलं, तर ते लिखाण त्या बाईचं राहत नाही.

सामान

माणशी १२ कोरे कागद म्हणजे ६३६. ‘दुसरा खर्डा’साठी ८ जणांची प्रत्येकी २ पानं, ९ प्रती, म्हणजे १४४. पाचशेच्या दोन रिमांत सगळं भागतं. पेनं ७०, पुठ्ठे ६०, नावाच्या चिठ्ठ्यांसाठी जाड कागद, प्रत्येक खोलीत एक भिंतीवरचं घड्याळ आणि एक छोटी घंटी. फोनवर वेळ बघायला सांगू नका, फोन हातात आला की परत जात नाही.

नाश्त्याला तर्री-पोहेच ठेवा. थंडीत नऊ वाजता माणसं घराबाहेर काढायला त्याहून मोठं आमिष नाही. मार्गदर्शक आणि कार्यकर्ते धरून ६५ जणांना ५ किलो पोहे, तर्रीसाठी रात्रीच भिजवलेले २ किलो काळे चणे. चहा दिवसातून तीनदा, ८० मिलीचा कप धरला तर १६ लिटर. खाणं अंगणातच उरकावं. तर्रीच्या बोटाचा डाग कागदावरून निघत नाही आणि ‘दुसरा खर्डा’च्या प्रती मोजक्याच असतात. जेवण वरण-भात, पोळी, भाजी एवढंच. जड जेवल्यावर तीनच्या सत्रात निम्मी खोली पेंगते.

दिवसाची आखणी

९:३०ला नोंदणी आणि पोहे. १०:००ला स्वागत, दहा मिनिटं. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगत काहीही नाही. एखाद्या मान्यवरांना बोलवायचंच असेल तर त्यांना खोलीत लिहायला बसवा. जे खरे लेखक आहेत ते आनंदाने बसतात. १०:१०ला सगळ्यांचं मिळून १५ मिनिटं लेखन. विषय असा हवा की कुणालाच ‘सुचत नाही’ म्हणता येऊ नये: अंधारात हात लावून ओळखता येतील अशा स्वयंपाकघरातल्या दहा वस्तू लिहा आणि त्यातल्या एकीबद्दल पुढे लिहीत राहा. हे वाचून दाखवायचं नाही. हात मोकळा झाला की काम झालं.

१०:३० ते १२:०० पहिलं सत्र: १० मिनिटं समजावणं, २० लेखन, ६० वाचन. मग चहा. १२:१५ ते १:१५ आवडीचा तास, ज्यात गट मोडून ज्याला गझल शिकायची तो तिकडे, ज्याला बालकथा तो इकडे. यातही २० मिनिटं लेखनाची. २:१५ला जेवणानंतर बाहेर पडायचं: २५ मिनिटं बाजारात किंवा बागेत उभं राहून कान देऊन ऐकायचं, परत येऊन १५ मिनिटं लिहायचं. ३:०० ते ४:३० दुसरं सत्र, यात ५ मिनिटं सूचना, २५ लेखन, ६० वाचन. चहा. ४:५० ते ५:४० सगळ्यांसमोर वाचन, ज्याला इच्छा असेल त्यालाच, प्रत्येकी दोन मिनिटं. जानेवारीत सहाच्या सुमारास अंधारायला लागतं. लांब राहणाऱ्या मुली आणि वयस्क मंडळी त्याआधी निघाली पाहिजेत.

‘पहिलं पान’: निबंध कसा मोडायचा

इथे सगळ्यात जास्त अडतं ते शाळेच्या सवयीमुळे. ‘आई’ म्हटलं की ‘आई म्हणजे वात्सल्याचा झरा’ असं वाक्य आपोआप उतरतं, कारण वर्षानुवर्षं त्यालाच गुण मिळाले. समजावून सांगून हे जात नाही, नियम घालून जातं. प्रेम, दुःख, माणुसकी, संस्कार, आठवण हे पाच शब्द २० मिनिटांसाठी बंद करा आणि एकच वेळ, एकच जागा ठरवून द्या: ‘आई, सकाळी साडेसहा, ओटा.’ लगेच पातेली दिसायला लागतात, गॅसचा लायटर लागत नसतो, आई कुणावर तरी चिडलेली असते. एखाद्याने पानभर लिहून एकच ओळ खरी उतरली असेल तर मार्गदर्शकाने ती ओळ पुन्हा मोठ्याने वाचावी. पहिल्या दिवशी एवढीच प्रतिक्रिया पुरे. चुका दाखवायची घाई करू नका. वाचायला लाजणाऱ्यांना आधी शेजाऱ्याला वाचून दाखवू द्या.

‘चालू वही’: घरची बोली कागदावर

या खोलीत संवादावर काम करा, कारण विदर्भातल्या लिहित्या माणसाची मोठी अडचण तिथेच आहे. बोलताना ‘काय करून राहिला?’ म्हणणारा माणूस कथेत ‘तू काय करतो आहेस?’ लिहितो आणि पात्र एका क्षणात मरतं. बाजारात ऐकून आल्यावरचं दुसरं सत्र यासाठीच ठेवायचं. इतवारीतल्या दुकानात मराठी, हिंदी एकाच वाक्यात येतात, त्या तशाच उतरवू द्या.

मात्र बोली लिहायलाही शिस्त लागते. ‘ला’च्या जागी ‘ले’ घेतलं तर ते पात्र शेवटपर्यंत ‘मले, तुले, घरले’ म्हणेल. मध्येच ‘मला’ आलं तर वाचकाला ती छपाईची चूक वाटते. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीचं वळण वेगळं आहे. दोन्हींची मिसळ करू नका. मार्गदर्शकाने प्रत्येकाला वहीच्या मागच्या पानावर आपल्या पात्राच्या दहा-बारा शब्दांची यादी करायला लावावी. निवेदन प्रमाणभाषेत की बोलीत, हेही पहिल्या ओळीआधी ठरवायचं. आणि एक गोष्ट आवर्जून बघा: बोली फक्त गड्याला, मोलकरणीला किंवा हसवणाऱ्या मामालाच दिली आहे का? तसं असेल तर लेखकाला तोच प्रसंग उलटा लिहायला सांगा, डॉक्टरीणबाई वऱ्हाडीत आणि गडी प्रमाणभाषेत. बोलीकडे आपण कसे बघतो ते मग कुणी समजावून द्यावं लागत नाही.

गझल आणि वृत्ताचा तास

सुरेश भटांच्या या मुलखात गझलेच्या खोलीत गर्दी होणारच. येणारे बहुतेक जण यमक जुळवून येतात, मात्रा मोजून नाही. सुरुवात टाळ्यांनी करा: ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. ‘नागपूर’ सहा मात्रांचा: दोन, एक, दोन, एक. जोडाक्षराआधीचं अक्षर आघात येत असेल तर दोन मात्रांचं होतं, म्हणून ‘पुस्तक’ चार. नवे लोक हमखास चुकतात ते ‘तुझ्या’ला. तिथे ‘तु’वर आघात नाही, म्हणून तो एकच, आणि शब्द तीन मात्रांचा. डोळ्यांनी नाही, कानांनी मोजायचं. मग भुजंगप्रयात हे वृत्त घ्या: लगागा, म्हणजे लघु-गुरू-गुरू (एक, दोन, दोन), चार वेळा. त्याची चाल बहुतेकांच्या कानात लहानपणापासून असते. २० मिनिटांत फक्त दोन ओळी मागा. पूर्ण गझल मागितली की शब्द भरतीचे येतात.

‘दुसरा खर्डा’

लिखाण दहा दिवस आधी मागवा, ६०० शब्दांच्या आत, युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, म्हणून सोबत पीडीएफही मागा. आठही जणांनी एकमेकांचं घरून वाचून यायचं. एका सत्रात चार लेखक, प्रत्येकी २० मिनिटं. इथे मोठ्याने वाचन नाही. पहिल्या सत्रातली उरलेली दहा मिनिटं सूचनांना आणि दुसऱ्या सत्रातली पुढच्या खर्ड्यासाठी नोंदी करायला. चर्चेची पहिली पंधरा मिनिटं लेखकाने गप्प बसायचं. हे अवघड जातं, पण तो स्पष्टीकरण द्यायला लागला की वाचणाऱ्यांना कागदावर काय पोचलं ते सांगताच येत नाही. बोलणाऱ्याने तीन गोष्टी सांगायच्या: काय दिसलं, कुठे लक्ष सुटलं, कोणता प्रश्न उरला. ‘मी असतो तर असं लिहिलं असतं’ हे वाक्य आलं की घंटी.

मार्गदर्शक

प्रसिद्ध माणूस आणि चांगला मार्गदर्शक, दोन्ही एकाच अंगी असतील असं नाही. विदर्भ साहित्य संघ १९२३पासून काम करतो आहे. तिथल्या कार्यक्रमांना जाऊन कोण दुसऱ्याचं लक्ष देऊन ऐकतं ते बघा आणि त्याला बोलवा. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च आधीच कळवा. स्वतःच्या कविता ऐकवायच्या नाहीत आणि सलग दहा मिनिटांवर बोलायचं नाही, हे निमंत्रणातच लिहा. नंतर सांगितलं तर अपमान वाटतो. प्रत्येक खोलीत वेळ सांभाळायला वेगळा माणूस द्या, मार्गदर्शकाला घंटी वाजवणं जमत नाही. एखादा गृहस्थ प्रत्येकाच्या लिखाणावर बोलत असेल तर फेरीचा नियम लावा: सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा नाही.

फोटो आणि लिखाण परवानगीशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नका. लहान मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या. पहिल्यांदाच घरातलं दुखणं लिहिलेल्या बाईची वही तिच्या नात्यागोत्यात फिरली, तर ती पुन्हा पेन धरणार नाही.

शेवटच्या वाचनाआधी पुढच्या बैठकीची तारीख फळ्यावर लिहा, तीन आठवड्यांच्या आतली, जागा आणि वेळेसह. निघताना प्रत्येकाला शंभर रुपये आणि उरलेल्या कागदांतून चार-चार कागद द्या, बाक पूर्ववत लावा आणि किल्ली चौकीदाराच्या हातात द्या.