हत्तीपायाची शुश्रूषा: ताकद, अंग, मान आणि माणसं

उपकेंद्रातून हत्तीपायाच्या रुग्णाला टब, मग, टॉवेल, साबण आणि मलम असा संच मिळतो. महिन्याभराने घरी जाऊन पाहावं तर टबात तांदूळ भरलेले, टॉवेल घडी न मोडलेला आणि बोटांच्या बेचक्यांतल्या चिरा तशाच. "सांगितलं तर ऐकतच नाही" अशी नोंद करून आपण आरोग्य कर्मचारी पुढच्या घरी जातो. पण पाणी कोण भरतं, बाई शेतातून किती वाजता येते, पायापर्यंत तिचा हात पोचतो का, हे त्या भेटीत कोणी विचारलेलंच नसतं.

काय विचारायचं याची पक्की चौकट मायरा लेव्हाइन या अमेरिकन परिचारिकेने दिली आहे. विद्यार्थिनींना मेडिकल-सर्जिकल नर्सिंग (औषधोपचार आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांची शुश्रूषा) शिकवण्यासाठी एक मांडणी हवी, एवढाच त्यांचा हेतू होता. १९६७ साली त्यांनी जपणुकीची चार तत्त्वं मांडली: शक्तीची, शरीराच्या घडणीची, व्यक्ती म्हणून असलेल्या अस्मितेची आणि सामाजिक नात्यांची. गावात सांगताना ताकद, अंग, मान आणि माणसं म्हणा, लगेच कळतं. चारही एकाच भेटीत पाहायची असतात, कारण एकीकडची ओढाताण दुसरीकडे निघते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा या पट्ट्यात ही चौकट हत्तीपायाला चांगली लागू पडते. फायलेरियाच्या जंतांमुळे लसिकावाहिन्या (शरीरातलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) निकामी होतात आणि पाय सुजतो. गावोगावच्या औषधवाटप मोहिमेतल्या डीईसी या फायलेरियावरच्या औषधाच्या गोळ्यांनी रक्तातले सूक्ष्म जंत मरतात. पण जुनी, घट्ट झालेली सूज त्यांनी उतरत नाही, हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावं. नाहीतर गोळ्यांवरचाही विश्वास उडतो. पाय वाढतो तो मुख्यतः पुन्हा पुन्हा येणाऱ्या तापाच्या झटक्यांनी. बेचकीत बुरशी होते, चीर पडते, तिथून जिवाणू आत शिरतात, हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल आणि गरम होतो, आणि झटका ओसरला तरी थोडी सूज मागे राहते. म्हणून सगळी मेहनत त्या चिरेवर घ्यायची.

पहिल्या भेटीत पाय बघण्याआधी बसून बोला. "मावशी, सकाळी उठल्यावर पाय हलका राहते का जी?" रात्रभर झोपून सूज पूर्ण उतरत असेल तर आजार पहिल्या टप्प्यात आहे, उतरत नसेल तर पुढे गेला आहे. गेल्या वर्षात किती वेळा ताप आला, प्रत्येक वेळी किती दिवस मजुरी बुडाली, हे लिहून घ्या. मग घरात, आडोशाला, विचारून पाय उघडा. अंगणात शेजारणींसमोर लुगडं वर करायला लावलं की मानाचा मुद्दा तिथेच हरला. ती बाई पुढच्या वेळी घरी सापडत नाही. पुरुष रुग्णाला अंडवृद्धी आहे का हे एकट्याला विचारा. तिच्यावर शस्त्रक्रिया होते, पण लाजेपायी वर्षानुवर्षं सांगितलं जात नाही. आणि नोंदवहीत किंवा बोलण्यात "ती हत्तीपायवाली" नको, नाव घ्या.

आता धुणं. पाणी साधं, अंगाला सोसवेल असं. कढत पाण्याने सूज वाढते आणि त्वचा भाजते. साबण कोणताही सौम्य चालतो, कपड्याचा नको. रुग्णाला उंच स्टुलावर बसवा, कारण उकिडवं बसून जड पाय धुता येत नाही. गुडघ्यापासून खाली, मग प्रत्येक घडी, शेवटी बोटांच्या बेचक्या, बोटाने किंवा मऊ फडक्याने धुवा. घासणी, दगड, ब्रश वापरू नका. साबणाचा फेस निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत पाय खळबळा. दुसरा, चांगला पायही असाच धुवायचा. बरेच जण तो सोडतात.

कोरडं करणं धुण्याइतकंच महत्त्वाचं, आणि नेमकं तेच घाईत राहतं. टॉवेल रगडू नका, टिपा. बेचक्यांत आणि घड्यांत पातळ सुती कापडाची पट्टी घालून ओल काढा. ओल राहिली की बुरशी परत येते आणि मलम फुकट जातं. पांढरी, खाजरी, सोलवटलेली बेचकी दिसली तर बुरशीचं मलम (क्लोट्रिमॅझोल किंवा व्हिटफिल्ड) लावा. व्हिटफिल्ड उघड्या जखमेवर नको, झोंबतं. जखमेवर जिवाणूरोधक मलम. कोरड्या पोटरीला खोबरेल तेल चालेल, बेचकीत नको. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. पहिल्या वेळी तुम्ही धुवून दाखवा, दुसऱ्या वेळी तिला धुऊ द्या आणि नुसतं बघा.

ताकदीचा प्रश्न रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसांत खरा कळतो. पहाटे उठून स्वयंपाक, दिवसभर बांधीच्या (भातखाचराच्या) चिखलात वाकून उभं राहणं, परत येऊन चूल. अशा बाईला "दिवसातून दोनदा धुवा" सांगणं म्हणजे न करण्याचाच सल्ला. संध्याकाळी शेतातून आल्यावर एकदाच, पण नीट. दोन बादल्या पाणी आधी मुलाने किंवा सुनेने भरून ठेवायचं, हे त्यांच्यासमोर ठरवा. जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून पाय दुसऱ्या उंचवट्यावर टेकवायचा. रात्री खाटेच्या पायथ्याखाली दोन्हीकडे विटा. खाट नसेल तर अंथरुणाखाली गोधडीची वळकटी. हृदयविकाराचा किंवा धाप लागणारा रुग्ण असेल तर विटा लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. बसल्या बसल्या टाचा उचलणं आणि घोटा गोल फिरवणं दहा-पंधरा वेळा पुरे. ताप आलेला असताना व्यायाम बंद.

माणसांचं काम सगळ्यात हळू होतं. पाय धुतल्याने, शिवल्याने हा रोग लागत नाही. तो क्युलेक्स डासातून पसरतो. हे सुनेला आणि रोवणीच्या टोळीच्या मुखियालाही सांगा. पाय दुखेल त्या दिवशी चिखलात उभं राहण्याऐवजी बसून करायचं काम मिळेल का, हे मुखियाशीच बोलावं लागतं, रुग्णाशी बोलून काही होत नाही. गावात तीन-चार रुग्ण असतील तर आठवड्यातून एकदा एकत्र धुणं ठेवा. एकीची बेचकी भरून आलेली दुसरी पाहते, तेव्हा आपल्या भाषणाची गरज राहत नाही.

झटका आला तर: पूर्ण आराम, ओल्या फडक्याने पाय थंड करणं, भरपूर पाणी, मोठ्या माणसाला तापासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ सहा-सहा तासांनी, आणि प्रतिजैविकासाठी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र. झटक्यात डीईसी देऊ नका. शेकणं, बिबा, डागणी, चिरा मारून रक्त काढणं, घट्ट फडकं आवळणं, यातलं काहीही केलं की नवी जखम होते आणि जिवाणूंना नवी वाट मिळते. रुग्ण बडबडत असेल, मान ताठली असेल, उलट्या थांबत नसतील, पू झाला असेल किंवा चोवीस तासांत ताप हटत नसेल, तर थेट ग्रामीण रुग्णालय.

लेव्हाइन यांच्या पद्धतीत प्रत्येक उपाय हा एक अंदाज असतो, तो तपासावा लागतो. "संध्याकाळी सुनेने पाणी भरलं तर धुणं टिकेल" असा अंदाज लिहा, तारीख टाका. महिन्याने तीन गोष्टी पाहा: बेचक्या कोरड्या आहेत का, ताप आला का, टेपचं माप. माप दोन्ही पायांचं, सकाळीच, जमिनीपासून १० आणि २० सेंटिमीटरवर घ्या. संध्याकाळचं माप फसवतं. घेर तसाच राहून तापाचे दिवस कमी झाले असतील तर उपाय लागू पडतोय. ताप तेवढाच असेल तर आधी टबात डोकावून बघा, तांदूळ असतील तर सुनेशी बोलणं राहिलंय.